हाकेचं अंतर

चहावर साय धरली होती. जाडसर, सुरकुतलेली, कपाच्या कडेला चिकटलेली. उकळता चहा कपात ओतल्यावर तशी साय धरायला चार-पाच मिनिटं सहज लागतात, आणि हा हिशेब मला येतो म्हणूनच ती साय विसरता येत नाही. मागच्या पावसाळ्यातला एक रविवार. डोंबिवलीतल्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये खिडकीशी बसून मी मैत्रिणीशी फोनवर बोलत होते. फोन पलीकडच्या टेबलावर चार्जिंगला, तिचा आवाज थेट माझ्या दोन्ही कानांतल्या मशिनांत, आणि माझं बोलणंही मशीनच उचलून तिला पोचवत होतं. हात मोकळे. मी हातवारे करत होते, मोठ्याने हसत होते. बाहेर पाऊस कोसळतोय हे फक्त काचेवरून दिसत होतं. तेवढ्यात खांद्यावर हात पडला आणि मी केवढ्याने तरी दचकले. मागे आई, हातात कप. "तीनदा हाक मारली," ती म्हणाली. सुरात राग नव्हता, दूधवाला येऊन गेला असं सांगावं तसं तिने सांगितलं. मग कप ठेवला आणि जाता जाता म्हणाली, "हल्ली तू असतेस तरी कुठे, बायो?"

मी साय बोटाने बाजूला केली आणि तो गार चहा तसाच प्यायले.

माझे कान जाऊन चौदा वर्षं झाली. म्हणजे पूर्ण गेले नाहीत, पण मशीन काढलं की समोरच्याचे ओठ हलताना दिसतात आणि शब्द मध्येच कुठेतरी सांडतात. या चौदा वर्षांत आईच्या किती हाका माझ्यापर्यंत पोचल्या नसतील याची मोजदाद नाही, आणि त्यांचं मी कधी मनाला लावूनही घेतलं नाही. ऐकूच येत नाही म्हटल्यावर दोष कुणाचा? पण त्या रविवारी मला उत्तम ऐकू येत होतं. मैत्रीण ठाण्याला तिच्या घरात लसूण सोलत होती, ते सोलणंसुद्धा ऐकू येत होतं. फोन जोडला गेला की माझी मशिनं बाहेरचे माइक दाबून टाकतात, नाहीतर फोनमधलं बोलणं आणि घरातला गलका यांची खिचडी होते. किती दाबायचे ते बसवून घेता येतं. मशीनवाल्या मॅडमनी मला विचारलं होतं, थोडा बाहेरचा आवाज राहू दे का? मीच म्हटलं होतं, नको, पूर्ण बंद करा.

आमचं घर गुहागरकडचं. तिथे हाक हाच टेलिफोन. आजोबा आगरात असायचे, नारळी-पोफळींच्या पार टोकाला, आणि जेवायला बोलवायचं तर आई मागच्या पडवीत उभी राहून कुकारा घालायची. कूऽऽऽ. त्यात शब्द नसायचा, शब्द इतक्या लांब टिकत नाहीत. नुसता सूर, खालून वर चढत गेलेला, आणि मग ती थांबायची. थोड्या वेळाने झाडीतून तसाच एक सूर परत यायचा आणि आई पानं घ्यायला आत वळायची. हाकेला ओ ही दिलीच पाहिजे. त्याचेही नियम होते. तिन्हीसांजेनंतर बाहेरून एकच हाक आली तर ओ द्यायची नाही, कारण ती माणसाची नसते. आणि आपण तीन हाका मारल्या आणि ओ आली नाही, तर चौथी मारायची नाही, जाऊन बघायचं. घराघरात विहिरी असलेलं गाव ते. त्या रविवारी आईने नियमाप्रमाणेच केलं, हे मला बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

'हाकेच्या अंतरावर' असं आपण सहज म्हणून जातो. ते अंतर किती, हे मला कानांनी शिकवलं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. चांगल्या कानाला त्याचं काही वाटत नाही, तो उरलेलं मनाने भरून काढतो. कानामागचं मशीन मात्र माइकपाशी येईल ते सगळं मोठं करतं: पंखा, मिक्सर, भिंतींवरून उसळून आलेला आवाज, आणि त्यातच कुठेतरी आई. नवी मशिनं बोलणं आणि गोंगाट वेगळा करायला पाहतात, त्याचा उपयोगही होतो, पण एक-दोन मीटरच्या आत माणूस बोलला तर मजा, त्यापुढे तर्कावर चालायचं. आमच्या गॅसच्या ओट्यापासून माझ्या खिडकीपर्यंत साडेसहा मीटर. टेप लावून मोजलंय.

पहिली तपासणी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत झाली. काचेच्या खोलीत कानांवर हेडफोन, हातात बटण, टुक् ऐकू आलं की दाबायचं. बराच वेळ काही ऐकू आलं नाही तेव्हा मला वाटलं त्यांनी सुरूच केलं नाही. मग हातात आलेख पडला, उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या, आणि दोन्ही रेषा शाळेतल्या घसरगुंडीसारख्या उजवीकडे खाली गेलेल्या. म्हणजे जाड आवाज शाबूत, बारीक गेलेले. अ, आ, ओ, म ऐकू येणार; स, श, फ, त निसटणार. भाजीवाली वीस म्हणाली की तीस हे मला तेव्हापासून कळलेलं नाही, मी पन्नासची नोट पुढे करते. बाहेर बाकावर माझ्या शेजारी पाच-सहा वर्षांची एक मुलगी होती. ती शाळेत जायची तिथे बाईंच्या गळ्यात छोटा माइक असायचा आणि बाईंचा आवाज रेडिओच्या लहरींवरून मुलांच्या कानांत पडायचा. तिची आई हसत सांगत होती, बाई कधी माइक बंद करायच्या विसरून चहाला जातात आणि सगळा वर्ग त्यांच्या गप्पा ऐकत बसतो. मी अडतिशीतली, आलेख घडी करून पर्समध्ये कोंबणारी बाई. मला त्या गोष्टीवर हसू आलं नाही.

माझ्या पहिल्या मशीनला ब्लूटूथ वगैरे काही नव्हतं. 'टी' नावाची एक सोय तेवढी होती. आत तांब्याच्या तारेचं इवलंसं वेटोळं, ते टेलिफोनच्या रिसीव्हरमधलं चुंबकीय क्षेत्र पकडतं आणि त्याचा पुन्हा आवाज करतं. कल्पना जुनी, ब्रिटनमध्ये जोसेफ पोलियाकॉफ यांनी तारेच्या लूपचं पेटंट १९३७ मध्ये घेतलं होतं. तिकडे चर्चमध्ये, तिकीट-खिडक्यांवर कानाचं चित्र आणि टी असं अक्षर लावलेलं असतं. तिथे मशीन टीवर टाकलं की गर्दीच्या डोक्यावरून आवाज थेट कानात येतो. आपल्याकडे मला त्याचा फायदा लँडलाइनपुरताच झाला. रिसीव्हर कानावर न धरता कानाच्या मागे, मशीनला टेकवून धरायचा. बघणाऱ्याला वाटे, हिला फोन धरता येत नाही.

पण टीची एक गंमत अशी की त्यात माइक बंद होतो आणि चुंबकाचं जग तेवढं उरतं. एकदा चुकून टीवर राहिलं आणि मला माझं घर गुणगुणताना ऐकू आलं. ट्यूबलाइटचा चोक, फ्रिजची मोटर, मीटरच्या पेटीपाशी तर भुंग्यांचं पोळंच. भिंतीत वायर कुठून गेलीय ते मी कान लावून सांगू शकत होते. त्यानंतर कितीतरी रात्री मुद्दाम टी लावून मी घरभर फिरले आहे. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, इलेक्ट्रिशियनचे पैसे वाचले. ज्या कानांना कढीपत्त्याची फोडणी ऐकू येत नाही त्यांना भिंतीतली वीज ऐकू यावी, याचं मला तेव्हा अप्रूपही वाटलं आणि रडूही आलं.

मग गळ्यात अडकवायची डबी आली. ब्लूटूथला वीज फार लागे, आणि मशीनचा सेल केवढा, तर मुगाच्या दाण्याहून थोडा मोठा. म्हणून फोनशी बोलायचं काम डबीने करायचं आणि पुढे गळ्यातल्या तारेतून चुंबकावाटे मशीनला पोचवायचं. मी ती ओढणीखाली दडवायचे. २०१४ च्या सुमाराला आयफोनशी थेट जोडणारी मशिनं निघाली, चार-पाच वर्षांनी अँड्रॉइडलाही वाट मिळाली, आणि माझी आत्ताची जोडी घेतली तेव्हा डबी कपाटात गेली. स्कूटर आली असती एवढ्या पैशांत. सकाळी कानात घातली की आतली बाई इंग्रजीत 'कनेक्टेड' म्हणते आणि माझा दिवस सुरू होतो.

आई तेव्हा गावीच होती.

पहिल्या दिवशी तिचा फोन आला तो मला आजही अंगावर आठवतो. आवाज उजवीकडून नाही, डावीकडून नाही, डोक्याच्या बरोब्बर मधोमध, कपाळाच्या आत. मेलेल्या माणसांचे आवाज आठवतात ना, त्यांना जशी दिशा नसते, तसा. जिवंत माणसाचा आवाज तिथून यावा याची मला भीतीच वाटली. आणि केवढा स्वच्छ! स आणि श वेगळे. बोलता बोलता ती थांबली की तिच्यामागे रहाटाची करकर, कावळा, कुणाच्या तरी बादलीची कडी. वर्षानुवर्षं फोनवर मी 'हं, हं' करत वेळ मारून नेत होते, कारण 'काय म्हणालीस?' तिसऱ्यांदा विचारलं की पलीकडून 'काही नाही गं, सहज म्हटलं' असं यायचं. बहिऱ्या माणसाला शिवी दिलेली चालते, पण 'काही नाही, जाऊ दे' चालत नाही. त्या सहज म्हटलेल्यातच सगळं असतं. आता मला आईचं सहजचं ऐकू येऊ लागलं: काळी मांजर व्याली, पोफळीला रोग पडलाय, तुझ्या बाबांना रात्री झोप नाही. रोज संध्याकाळी तासभर आम्ही बोलायचो.

तीन वर्षांपूर्वी बाबा गेले आणि आई माझ्याकडे राहायला आली. आणि मला ती ऐकू येईनाशी झाली.

हे लिहितानाही विचित्र वाटतं. दोनशेहून जास्त किलोमीटरवरून कपाळात बोलणारी बाई साडेसहा मीटरवर आली आणि गढूळ झाली. फोनमध्ये तिच्या तोंडाशी माइक होता. घरात तिच्या तोंडाच्या आणि माझ्या कानाच्या मध्ये पंखा होता, टीव्ही होता, कुकर होता, खालच्या रस्त्यावरच्या रिक्षा होत्या. एकदा न राहवून मी बेडरूममधून तिला फोन लावला. ती स्वयंपाकघरात दचकली, चष्मा शोधून नाव वाचलं आणि तशीच फोन हातात धरून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "घरातल्या घरात फोन? काय मेलं हे!" मी म्हटलं, तू फोनवर छान ऐकू येतेस. त्यावर ती काही बोलली नाही. बोलली असेल तर मला ऐकू आलं नाही.

बाकी या बिनतारी प्रकरणाने मला पुष्कळ दिलंय, उगाच गळा काढायला नको. लोकलमध्ये दरवाज्यातल्या भांडणात उभी राहून मी नाट्यगीत ऐकते. रिक्षात नकाशातली बाई 'उजवीकडे वळा' असं फक्त मला सांगते आणि मी रिक्षावाल्याला इथली जुनी रहिवासी वाटते. त्याबरोबर हेही आहे, की शोकसभेत दोन मिनिटं सगळे उभे असताना माझ्या डोक्यात नातेवाइकांच्या ग्रुपचे टिंग टिंग वाजत असतं आणि चेहरा गंभीर ठेवावा लागतो. फोन कुडत्याच्या उजव्या खिशात असला की डाव्या कानातलं गाणं तुटतं, कारण माणूस म्हणजे बराचसा पाणीच आणि या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात जिरतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात चालतो. टीव्हीला लावायची डबी आणली तर पहिल्या संध्याकाळी जोडणी अशी झाली की मालिका माझ्या कानात चालू आणि आईसाठी टीव्ही मुका. ती अर्धा तास शांतपणे नुसती चित्रं बघत बसली. मी विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, "तुला ऐकू येत होतं ना."

स्टेशनवर मात्र अजून काही नाही. घोषणा होते, माझ्यापर्यंत येते ती नुसती घरघर, आणि गर्दी पळाली की मीही जिना चढून पळते. २०२२ मध्ये ऑराकास्ट नावाचं काहीतरी आलं. एका ठिकाणाहून प्रसारण करायचं आणि आसपासच्या कितीही मशिनांनी ते घ्यायचं, रेडिओ केंद्रासारखं. तसं डोंबिवलीच्या पाच नंबरवर झालं तर मी पेढे वाटीन. तोवर गर्दीचे पाय हीच माझी घोषणा.

तर, त्या सायीच्या चहानंतर मी आईसाठी माइक आणला. काडेपेटीपेक्षा लहान, मागे चिमटा, पदराला लावायचा. तोंडापासून वीतभर अंतरावर राहिला की पुरे. मला वाटलं होतं तिला आनंद होईल. तिने तो तळहातावर घेऊन उलटासुलटा केला. "गाईच्या गळ्यात लोढणं बांधतात तसं का? म्हणजे मी कुठे चरतेय ते तुला कळायला?" दोन आठवडे तो देवाच्या कपाटात पडून होता. मीही मागे लागले नाही. कुणालाही 'हे लाव आणि बोल' म्हणणं मला चौदा वर्षांत जमलेलं नाही. ऑफिसात मीटिंगला असाच माइक टेबलावर ठेवायचा तरी माझे हात गार पडतात. तो ठेवला की सगळे एकदम शुद्ध मराठी बोलायला लागतात. मग एके दिवशी सकाळी आंघोळ करून आई आली ती चिमटा लावूनच. कारण सांगितलं नाही. कदाचित तिलाही ओरडून ओरडून कंटाळा आला असेल, ऐंशीच्या पुढचा घसा तो.

त्यानंतर माझ्या कपाळात ती पुन्हा राहायला आली, या वेळी सगळ्या सामानासकट. बांगड्या माइकला घासतात तो आवाज, पदर खोचल्याची खरखर, कवळीची बारीकशी टक, वाकताना सुटलेला 'अगं आई गं'. आणि मला पहिल्यांदाच कळलं की आई दिवसभर बोलते. माझ्याशी नाही, कुणाशीच नाही. दुधाच्या पातेल्याला 'थांब जरा' म्हणते. डबा सापडला नाही की त्याला नावं ठेवते. नारळ खवताना आकडे मोजावे तसं काहीतरी पुटपुटते, ते मोजणं नसतं, गावच्या शेजाऱ्यांची नावं असतात, घरांच्या ओळीने. हे तिचं आधीपासूनच असणार. मी लहान असताना, कान धडधाकट असताना, हे सगळं ऐकलं असणार आणि ऐकलंच नसणार. आता ते थेट आत येतं, आणि मला कळत नाही की हे मी ऐकावं की नाही. माइक बंद करायचं बटण तिला दाखवलंय. ती ते दाबत नाही. विसरते, की दाबायचं नसतं, हे विचारण्याइतकी धीट मी नाही.

गेल्या शनिवारी ती डाळिंब्यांची उसळ करत होती. कोथिंबीर नव्हती. मी दारातून 'आले गं खाली जाऊन' म्हटलं आणि पिशवी घेऊन निघाले. आमच्याकडे लिफ्ट नाही, आणि स्वयंपाकघराची खिडकी जिन्याकडेच उघडते, त्यामुळे पहिल्या वळणापर्यंत तरी आई माझ्याबरोबर उतरत आली. झाकणावरच्या पाण्याचं चर्र. बांगड्या. नाक ओढल्याचा आवाज. मग ती म्हणाली, "मीठ घातलं का गं मी?"

मी थांबले.

"बायो? मीठ घातलं का?"

घातलं होतं. मी निघताना पाहिलं होतं, चिमूटभर परत डब्यात टाकलेलंसुद्धा पाहिलं होतं. पण माइकचा रस्ता एकाच बाजूचा. तो तिच्याकडून येतो, माझ्याकडून जात नाही. आणि माझा फोन वर, टेबलावर, चार्जिंगला. मी जिन्यात उभ्या उभ्या मोठ्याने 'ओ' म्हटलं. दुधाच्या पिशव्या घेऊन वर येणारे पहिल्या मजल्यावरचे काका एक पायरी बाजूला सरकले. आई बहुधा गॅसकडे वळली असावी, तिचाच देह मध्ये आला असावा, कारण तिसरी हाक तुटकी आली. 'बा' ऐकू आला, 'यो' नाही. मग बांगड्यांचा आवाज चालू लागला.

मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. किल्लीने दार उघडलं तर ती बाहेरच्या खोलीत, हातात कालथा, माझ्या रिकाम्या खुर्चीसमोर उभी होती.

"घातलंस मीठ," मी धापा टाकत म्हटलं.

"मग ओ द्यायला काय होतं तुला?" आई म्हणाली आणि आत गेली.